समेटाचे सेवक : सर विल्यम वेडरबर्न

सुरत शहराचे नाव इतिहासात पुष्कळ कारणांनी आले आहे. इंग्रजांची जुनी वखार येथे होती. शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या येथवर आल्या. १८१५ साली लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक येथे उतरले आणि त्यांनी गुजराती भाषेत शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. पण शाळेत इतिहास शिकलेल्या मराठी माणसाला सुरत म्हटले की आणखी एक गोष्ट आठवते. ती म्हणजे १९०७ साली राष्ट्रीय सभेत पडलेली फूट.

त्या वर्षीचे अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. तेथे वाद वाढले म्हणून ते सुरतेस आणले. २६ डिसेंबर रोजी येथल्या फ्रेंच बागेत सभा भरली. डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव अध्यक्षपदासाठी सुचविले गेले. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अनुमोदनास उभे राहिले, तोच असा गलका उठला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर चढले. त्यांना बोलू देईनात आणि ते खाली उतरेनात. एवढ्यात कोठून तरी एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. देशाची सेवा करावयास जमलेली माणसे मवाळ आणि जहाल अशा दोन तोंडांनी आपापल्या गावी परतली.

तो जोडा कोणी फेकला, कोणाचा होता, कोणाला नेमून फेकला, याची चर्चा लोक अजून चवीने करतात. परंतु त्या फाटलेल्या वस्त्राला टाके घालण्यासाठी तीन वर्षांनी एक बहात्तर वर्षांचा म्हातारा स्कॉटलंडी गृहस्थ समुद्र ओलांडून आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचे नाव सर विल्यम वेडरबर्न. या महिन्यात त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. त्यांच्या हातून मोठी कामे झाली हे त्याचे कारण नव्हे. त्यांनी हाती घेतलेली बहुतेक कामे त्यांच्या डोळ्यांदेखत नाकारली गेली, आणि तरीही त्यांनी नांगरावरचा हात काढला नाही, हे खरे कारण आहे.

घराण्याचा वारसा

विल्यम वेडरबर्न यांचा जन्म २५ मार्च १८३८ रोजी एडिंबरो येथे झाला. घराणे जुने व मानाचे, परंतु त्याच्या इतिहासात रक्त आणि अन्याय दोन्ही होते. त्यांचे पणजोबा राजाविरुद्धच्या बंडात सामील झाले, म्हणून १७४६ साली त्यांना फाशी झाली. त्यांचा मुलगा, म्हणजे विल्यमचे आजोबा जॉन वेडरबर्न, हे वेस्ट इंडीजमधील जमेका बेटात पळाले. तेथे गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे पिकवून ते श्रीमंत झाले. मायदेशी परतताना त्यांनी जोसेफ नाइट नावाचा एक आफ्रिकी गुलाम सोबत आणला. पुढे त्या नाइटने स्वातंत्र्य मागितले. मालकाने ते दिले नाही. प्रकरण स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. १७७८ साली न्यायालयाने निकाल दिला की, या देशाचा कायदा गुलामगिरी ओळखत नाही. नाइट मोकळा झाला आणि आजोबा हरले.

फिलेमोनाला लिहिलेले पत्र ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही हकीकत वाचून थोडे थांबावेसे वाटेल. पौलाने अनेसिमाला धन्याकडे परत पाठविले, पण तो गुलाम म्हणून नव्हे, तर बंधू म्हणून स्वीकारला जावा अशी विनंती केली. आजोबांना जे जमले नाही, त्याची फेड नातवाने करावयाचे ठरविले होते असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या अंतःकरणातील हेतू प्रभूच जाणतो. परंतु ज्या घरातला एक पुरुष गुलामाला सोडावयास तयार नव्हता, त्याच घरातला दुसरा पुरुष पुढे परक्या देशातील कर्जबाजारी कुणब्यासाठी आयुष्यभर भांडला, एवढे मात्र खरे आहे. वडिलांची पापे मुलांच्या पुढे येतात, हे शास्त्र शिकविते. पण मुलांना निराळा मार्ग धरता येतो, हेही तेच शास्त्र शिकविते.

सूड न घेणारा भाऊ

विल्यमचे वडील मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत होते. मोठा भाऊ जॉन हाही हिंदुस्थानात अधिकारी झाला. १८५७ च्या उठावात तो हिसार येथे होता. तेथे त्याची, त्याच्या पत्नीची आणि लेकराची हत्या झाली. त्या वेळी विल्यमचे वय एकोणीस वर्षांचे होते.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्या दिवसांत इंग्लंडातील वर्तमानपत्रे सुडाच्या भाषेने भरली होती. धर्मोपदेशकसुद्धा व्यासपीठावरून कठोर शब्द बोलत होते. इकडे दिल्ली, कानपूर, अलाहाबाद येथे दोषी आणि निर्दोष यांचा भेद न करता माणसे झाडांना टांगली जात होती. अशा वेळी ज्या तरुणाचे स्वतःचे घर त्या आगीत पोळले, त्याने काय करावे? त्याने या देशाचे नाव टाकले असते, तर कोणी दोष दिला नसता. त्याने मनात अढी धरून येथे सत्ता गाजविली असती, तरी त्या काळच्या जगाला ते स्वाभाविकच वाटले असते.

विल्यम मुलकी नोकरीच्या परीक्षेस बसले, वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि १८६० साली हिंदुस्थानात आले. त्यांची पहिली नेमणूक धारवाडला असिस्टंट कलेक्टर म्हणून झाली. पुढची सत्तावीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात काढली. या सर्व काळात आणि पुढच्या तीस वर्षांत त्यांच्या कृतीत सुडाचा लवलेश कोणास दिसला नाही. ज्या लोकांपैकी काहींनी भावाचे घर बुडविले, त्याच लोकांची घरे बुडू नयेत म्हणून ते झटले. शत्रूवर प्रीती करा हा प्रभूचा उपदेश आपण उपासनेत वाचतो आणि तो फार कठीण आहे असे म्हणून पुढचा अध्याय उघडतो. तो आचरणात आणता येतो याचे हे एक उदाहरण आहे.

कुणब्याचा न्यायाधीश

वेडरबर्न यांचा बराचसा काळ न्यायखात्यात गेला. सिंधमध्ये, नंतर दख्खनेत आणि १८८२ च्या सुमारास पुण्याचे जिल्हा न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले. त्या खुर्चीवर बसून त्यांनी जे पाहिले ते असे. सावकार दावा लावी. समन्स निघे. कुणबी गावाकडे, त्याला लिहिता वाचता येत नाही, पुण्यापर्यंत चालत यावे तर पेरणी बुडते. तो हजर राहत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन, बैल, भांडीकुंडी जप्त होत. कायद्याने पाहता सारे बिनचूक, आणि तरीही ते न्याय्य नव्हते.

या दुःखाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी झाला होता. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. नवल हे की, बहुतेक ठिकाणी लोकांना कागद हवे होते. माणसांच्या जिवावर ते उठले नाहीत. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्यात दावा कोर्टात जाण्यापूर्वी समेट घडवून आणणारे पंच नेमण्याची तरतूद होती.

वेडरबर्न यांच्या मनात हीच गोष्ट फार दिवस घोळत होती. गावचे तंटे गावच्या शहाण्या माणसांपुढे मिटावेत, पंचायतीची जुनी रीत पुन्हा जिवंत व्हावी, असे त्यांचे मत होते. पुण्यात सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी लवाद कोर्टाची चळवळ चालविली होती. तिला या इंग्रज अंमलदाराची सहानुभूती होती. न्यायाधीशानेच कोर्टाबाहेरच्या समेटाचा पुरस्कार करावा, हे त्याच्या काही सहकाऱ्यांना विचित्र वाटले असेल. परंतु खुर्चीवर बसून त्याने पाहिले होते की, हुकूमनाम्याने दावा संपतो, वैर संपत नाही.

दुसरी योजना शेतकी पेढीची. न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातील इतर जाणत्या लोकांशी विचारविनिमय करून त्यांनी ती तयार केली. एकाच तालुक्यात, पुरंदरात, प्रयोग करून पाहावा. प्रथम सावकार आणि कुणबी यांच्यात जुन्या कर्जाची तडजोड करून ते फेडावे. मग पेढीने बेताच्या व्याजाने नवे कर्ज द्यावे आणि वसुलीस सरकारी यंत्रणेचा आधार असावा. लॉर्ड रिपन यांच्या सरकारला ही योजना पसंत पडली आणि १८८४ साली ती मंजुरीसाठी विलायतेस गेली. तेथील इंडिया ऑफिसने ती नाकारली. पुढे वीस वर्षांनी, १९०४ साली, सरकारनेच सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला. आज आपल्या गावोगावी ज्या सहकारी सोसायट्या आहेत, त्यांच्या मुळाशी असलेला विचार पुरंदरच्या त्या नाकारलेल्या कागदात होता. मधल्या वीस वर्षांत किती जमिनी सावकाराकडे गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

मुलींची शाळा

याच काळात पुण्यात आणखी एक बी पेरले गेले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक आदी गृहस्थांनी १८८४ साली मुलींसाठी हायस्कूल काढले. तीच आपली हुजूरपागा शाळा. वेडरबर्न या कामात त्यांच्याबरोबर होते. १८८२ साली त्यांचे दुसरे बंधू सर डेव्हिड, जे पार्लमेंटचे लिबरल सभासद होते, ते वारले आणि बॅरोनेट ही पदवी विल्यम यांच्याकडे आली. त्या भावाच्या स्मरणार्थ त्यांनी या संस्थेला १०,००० रुपये दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. हिंदुस्थानात एक भाऊ मारला गेला आणि दुसऱ्या भावाच्या नावाने हिंदुस्थानातल्या मुली शिकल्या. आमच्या मते या चरित्रातील ही एकच गोष्ट लक्षात राहिली, तरी वाचन वाया गेले नाही.

राष्ट्रीय सभेचे मित्र

२८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ते पुण्यास व्हायचे होते, पण तेथे पटकीची साथ आली. बहात्तर प्रतिनिधी जमले. या कामात पुढाकार ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा होता आणि वेडरबर्न हे त्यांचे जिवलग सहकारी. त्याच वर्षी वेडरबर्न मुंबई हायकोर्टाचे हंगामी न्यायाधीश झाले होते. पुढे मुंबई सरकारचे हंगामी चीफ सेक्रेटरी असताना १८८७ साली त्यांनी नोकरी सोडली. वय अवघे एकोणपन्नास. पेन्शन घेऊन स्कॉटलंडात स्वस्थ बसता आले असते. परंतु त्यांचे खरे काम तेथून सुरू झाले.

दोन वर्षांनी, १८८९ साली, मुंबईच्या पाचव्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. योगायोग असा की, १८८९ साली भरलेल्या त्या सभेस प्रतिनिधीही १,८८९ आले. आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्या अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या, त्यांत आपल्या पंडिता रमाबाई होत्या. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले होते. आणि त्याच मंडपात चार्ल्स ब्रॅडलॉ हेही होते. हे गृहस्थ देव नाही असे उघड सांगणारे, पण हिंदुस्थानच्या गाऱ्हाण्यासाठी पार्लमेंटात आवाज उठविणारे. रमाबाई आणि ब्रॅडलॉ यांना एका मंडपाखाली बसविणाऱ्या सभेचे अध्यक्षपण करावयास थोरपणा लागतो. आपल्यापैकी काहींना तर दुसऱ्या पंथाच्या बांधवाबरोबर एका सतरंजीवर बसणेही जड जाते.

पार्लमेंटातील वर्षे

त्याच साली लंडनमध्ये राष्ट्रीय सभेची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. वेडरबर्न तिचे अध्यक्ष झाले आणि मरेपर्यंत त्यांनी ते काम पाहिले. कमिटी इंडिया नावाचे पत्र काढीत असे. खर्चासाठी राष्ट्रीय सभा दरवर्षी रक्कम मंजूर करी, आणि ती वेळेवर पोहोचत नसे. मंडळीचे खजिनदार असलेल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. तूट भरून काढण्याचा भार वेडरबर्न आणि ह्यूम यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या पदरातून उचलला. ज्या देशाने पेन्शन दिली, त्या देशाच्या कामी ती परत लावली.

१८९३ साली ते स्कॉटलंडमधील बँफशायर मतदारसंघातून लिबरल पक्षाचे सभासद म्हणून पार्लमेंटात गेले. आदल्याच वर्षी दादाभाई नौरोजी निवडून आले होते. दोघांनी मिळून हिंदुस्थानच्या प्रश्नांकडे लक्ष देणाऱ्या सभासदांची एक पार्लमेंटरी कमिटी उभी केली. त्या काळी हिंदुस्थानचे अंदाजपत्रक अधिवेशनाच्या अगदी शेवटी चर्चेला येई आणि बाके रिकामी असत. कोट्यवधी माणसांच्या भाकरीचा प्रश्न त्या रिकाम्या बाकांपुढे मांडावा लागे. वेडरबर्न तो मांडीत राहिले. ते मोठे वक्ते नव्हते. आकडे, कागद, पुन्हा आकडे, अशी त्यांची रीत.

१८९३ सालीच मुलकी नोकरीची परीक्षा इंग्लंडात व हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभेत मंजूर झाला. इंडिया ऑफिसने तो अमलात आणलाच नाही. १८९५ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यास लॉर्ड वेल्बी यांचे कमिशन नेमले गेले. त्यावर वेडरबर्न, दादाभाई आणि दारूबंदीचे कार्यकर्ते डब्ल्यू. एस. केन हे तिघे होते. बहुमताशी न पटल्याने या तिघांना १९०० साली निराळा अहवाल द्यावा लागला. १९०१ साली दुष्काळाची कारणे शोधण्यासाठी त्यांनी फॅमिन युनियन काढले आणि काही नमुन्याची गावे घेऊन कुणब्याच्या स्थितीची बारकाईने पाहणी करावी अशी मागणी केली. तीही मान्य झाली नाही.

या कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी १८९७ साली गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस गेले. वय एकतीस. त्याच वेळी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील सोल्जरांच्या वर्तनाविषयी पत्रे आली. गोखल्यांनी तेथे ती हकीकत जाहीर केली. परत आल्यावर पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. इंग्रज त्यांच्यावर चिडले आणि स्वजनांनीही त्यांना भित्रे ठरविले. अशा दिवसांत माणसाला खरा मित्र कळतो. वेडरबर्न यांनी गोखल्यांचा हात सोडला नाही. पुढे गोखले जेव्हा जेव्हा इंग्लंडला गेले, तेव्हा हे वृद्ध गृहस्थ त्यांच्या पाठीशी उभे असत. शौलावर कोणी विश्वास ठेवीना तेव्हा बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले, ती गोष्ट येथे सहज आठवते.

बहात्तराव्या वर्षीचा प्रवास

असे दिवस जात असता १९०७ ची सुरतेची बातमी लंडनला पोहोचली. बावीस वर्षे ज्या झाडाला पाणी घातले, ते मधोमध चिरले गेले होते. वेडरबर्न हे स्वतः मवाळांच्या बाजूचे होते, हे लपविण्याचे कारण नाही. इंग्रजी राज्य सुधारावे, ते मोडावे असे त्यांना वाटत नव्हते. इंग्लंडच्या न्यायबुद्धीवर त्यांचा भरवसा होता, आणि ती बुद्धी वारंवार झोपी जाते हे पाहूनही तो ढळला नाही. जहाल मंडळींना ही भाबडी आशा वाटे, आणि इतिहासाने पुष्कळ अंशी त्यांच्या बाजूने कौल दिला. चरित्र सांगताना माणसाला देव करू नये, म्हणून हे नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते.

परंतु आपल्या बाजूचा विजय झाला म्हणजे भांडण मिटले, असे त्यांनी कधी मानले नाही. १९१० च्या अलाहाबाद अधिवेशनासाठी अध्यक्ष म्हणून त्यांना पुन्हा बोलावणे आले. वय बहात्तर. थंडीच्या दिवसांत ते जहाजाने निघाले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी तीन तंट्यांकडे बोट दाखविले : युरोपियन अधिकारी आणि सुशिक्षित हिंदी लोक यांच्यातला, हिंदू आणि मुसलमान यांच्यातला, आणि मवाळ आणि जहाल यांच्यातला. हे तीन मिटले, तरच पुढचा मार्ग मोकळा, असा त्यांच्या सांगण्याचा सारांश होता.

त्यांनी नुसते भाषण केले नाही. अधिवेशन संपताच, १ जानेवारी १९११ रोजी, अलाहाबादेस हिंदू व मुसलमान पुढाऱ्यांची परिषद बसविली. आगाखान त्या बैठकीस होते. एक समिती नेमली गेली. पण तिच्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. मवाळ आणि जहाल यांचा समेटही त्या वेळी झाला नाही. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, आणि घरातील कर्ता भाऊ कोंडलेला असता घरचा तंटा मिटावा कसा? वृद्ध वेडरबर्न रिकाम्या हातांनी परत गेले, असे त्या वेळी कोणासही वाटले असते.

१९१२ साली ह्यूम वारले. त्यांचे चरित्र वेडरबर्न यांनी लिहून १९१३ साली प्रसिद्ध केले. १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले वारले. म्हातारपणी धाकट्या मित्रांचे मरण सोसावे लागणे हे दुःख ज्यांनी भोगले, त्यांना ते सांगावे लागत नाही. मग १९१६ चा डिसेंबर उजाडला. लखनौ येथे टिळक आणि मवाळ पुढारी पुन्हा एका व्यासपीठावर बसले. त्याच ठिकाणी राष्ट्रीय सभा आणि मुस्लिम लीग यांचा करारही झाला. सुरतेस फाटलेले वस्त्र नऊ वर्षांनी शिवले गेले. तो टाका वेडरबर्न यांनी घातला असे म्हणता येणार नाही. तो घातलेला पाहण्यापुरते आयुष्य मात्र देवाने त्यांना दिले. २५ जानेवारी १९१८ रोजी इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात, आपल्या राहत्या ठिकाणी, ते निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस मवाळ मंडळी पुन्हा वेगळी झाली. तो फाटा पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आपल्यासाठी बोध

या चरित्राचा हिशेब मांडावयास बसले, तर जमेची बाजू तुटपुंजी दिसते. शेतकी पेढी नाकारली गेली. परीक्षेचा ठराव धूळ खात पडला. दुष्काळाची पाहणी झाली नाही. अलाहाबादची समिती विरून गेली. जगाच्या वहीत हा माणूस तोट्यात गेला. पण समेटाच्या सेवेचा हिशेब जगाच्या वहीत मांडताच येत नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की, देवाने ही सेवा आपल्याकडे सोपविली आहे. त्या सेवेला फळ केव्हा येईल, हे सोपविणाऱ्याच्या हाती आहे. सेवकाने हजर राहावे, एवढेच त्याचे काम.

आमचे दुःख सांगावयाचे तर हे आहे. वेडरबर्नसारखा न्यायाधीश कोर्टाबाहेर समेट व्हावा म्हणून धडपडला, आणि आपण ख्रिस्ती म्हणविणारे मंडळीचे तंटे घेऊन कोर्टात जातो. कोठे मिशनच्या जमिनीवरून, कोठे ट्रस्टच्या निवडणुकीवरून, कोठे उपासना कोणत्या वेळी आणि कोणाच्या भाषेत व्हावी यावरून, एकाच भाकरीत वाटेकरी असलेले बांधव वर्षानुवर्षे तारखांना हजर राहतात. वकिलाला द्यावयास पैसे निघतात, पाळकांच्या पगाराला निघत नाहीत. करिंथच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय आपल्या शास्त्रात छापलेला आहे. तो तेथून कोणी काढलेला नाही. सुरतेत, जेथे खानदेशातून, कोकणातून, घाटावरून आलेली मराठी कुटुंबे गुजराती बांधवांच्या शेजारी प्रार्थना करतात, तेथे तर एकमेकांना समजून घेण्याची गरज दुप्पट आहे.

कोणी म्हणेल, तंटा थोरामोठ्यांतही होतो. खरे आहे. पौल आणि बर्णबा यांचेही मार्कावरून बिनसले आणि त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाने ते झाकून ठेवले नाही. पण पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्याच पौलाने मार्काला घेऊन ये म्हणून कळविले आणि तो सेवेसाठी उपयोगी आहे अशी साक्ष दिली. मधली वर्षे कोणी तरी मध्ये उभे राहिले असेल, दोन्ही घरी जाऊन पाणी प्यायले असेल, इकडचा कडवा शब्द तिकडे नेला नसेल. त्या माणसाचे नाव शास्त्रात आलेले नाही.

अशी माणसे प्रत्येक मंडळीला हवी आहेत. मोठी विद्या लागत नाही, वक्तृत्व लागत नाही. आपली बाजू असली तरी चालते, कारण वेडरबर्न यांनाही बाजू होती. फक्त समोरच्याच्या दारापर्यंत चालत जाण्याची तयारी लागते, आणि दार उघडले नाही तर पुन्हा जाण्याची. वडील मंडळी, महिला मंडळ आणि तरुण संघ यांना आमची नम्र विनंती आहे की, या महिन्याच्या प्रार्थनासभेत प्रत्येकाने आपल्याशी न बोलणाऱ्या एका बांधवाचे किंवा भगिनीचे नाव मनात धरून प्रार्थना करावी, आणि पुढच्या रविवारपूर्वी त्यांच्या घरी जाऊन यावे.